इथं चांगुणा कुणी नाही

"राँग नंबर. इथं चांगुणा कुणी नाही," असं म्हणून मी रिसीव्हर ठेवला आणि पुन्हा सहामाहीच्या पेपरांकडे वळलो. पलीकडून एक म्हातारा, किंचित घाबरलेला आवाज आला होता. "चांगुणा हाय का? चांगुणाला द्या ना जरा." मागे एस.टी.चा हॉर्न, कुणाचं तरी खोकणं. मी शिक्षकी आवाजात, अगदी सभ्यपणे नाही म्हणून सांगितलं. माझ्या सभ्यपणाबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही. मग दोन पेपर तपासून झाले. तिसऱ्या पेपरात एका मुलीच्या चुकीखाली लाल रेघ ओढत होतो, ती रेघ अर्ध्यावर थांबली.

चांगुणा म्हणजे माझी बायको.

लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. रेशनकार्डावर माधवी, मतदारयादीत माधवी, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर माधवी. चांगुणा हे तिचं माहेरचं नाव माझ्या घरातून इतकं नाहीसं झालं होतं, की ते फोनवर कानावर पडलं तेव्हा कुणा तिऱ्हाइताची चौकशी चाललीय असं मला वाटलं. आणि आवाज होता माझ्या सासूबाईंचा. त्या वर्षी डोळखांबच्या नाक्यावर नाणं टाकून बोलायचा फोन बसला होता. आमच्या मुलीनं, स्वातीनं, गणपतीत आजीला आमचा नंबर वहीच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला होता. म्हातारी दीड तास डोंगर उतरून आली, कुणाकडून तरी आकडे दाबून घेतले आणि आयुष्यातला पहिला फोन केला. जावयानं सांगितलं, तुमची मुलगी इथं राहत नाही.

माधवी गिरणीत गेली होती. पिठाचा डबा कमरेवर घेऊन जिना चढून आली. म्हणाली, "फोन वाजल्यासारखा वाटला."

"छे," मी म्हणालो आणि उरलेली रेघ पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिचा भाऊ किसन दारात हजर. पायांना चिखल, डोक्याला पेंढ्याची कुसं, हातात काहीच नाही. कापणीच्या दिवसांत शेतावरचा माणूस रिकाम्या हातानं खाली उतरत नाही, हे मलाही कळतं. तो माझ्याकडे बघेना. माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"दाजी, ताय हाय ना?"

"आहे की. का रे?"

"नाय, आय बोलली, जा, बघून ये. जावय बोलले, हितं चांगुणा कोनी नाय. रातभर जेवली नाय ती. पाड्यातल्या बाया जमल्या. कोन बोलतंय रागावून गेली, कोन बोलतंय जावयानं हाकलली."

तेवढ्यात माधवी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. किसननं तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं आणि मग तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून, मटकन खाली बसला. ती भावाकडे बघत होती, मग माझ्याकडे. स्वातीनं विचारलं, "आईचं नाव चांगुणा आहे?" मुलगी नववीत होती. तिला तिच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आजीच्या तोंडून तिनं ते शंभरदा ऐकलं असेल. आजीच्या बोलण्यातला लाडाचा शब्द असेल, असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं.

किसन चहा पिऊन लगेच निघाला. भात कापून पडलं होतं, आभाळाचा भरवसा नव्हता. मी पेपर घेऊन बसलो, पण डोळ्यांसमोर दुसरंच भात येत होतं. असेच कापणीचे दिवस, नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांतले. त्या एका हंगामाची आठवण आली की मी अजून खाली बघून चालतो.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे हवेत एक वास असतो. कापलेल्या भाताच्या काडाचा, उन्हात सुकणाऱ्या पेंढ्याचा, शेणानं नुकत्याच सारवलेल्या खळ्याचा. सकाळी गवतावर दव असतं आणि दुपारी पाठ भाजते. हळवं, लवकर पिकणारं भात तेव्हा घरात आलेलं असतं, उशिराचं गरवं अजून शेतात पिवळं उभं असतं. मुरबाडपासून डोळखांबपर्यंत रस्त्यानं गेलं तर दोन्ही बाजूंना झोडणीचा धप् धप् आवाज ऐकू येतो. गाडी पुढं जाते तरी आवाज संपत नाही, एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर जात राहतो.

त्या हंगामात दोन परदेशी माणसं आमच्या शहापुरात उतरली. हॉलंडचे नवराबायको, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, विलेम आणि हेंड्रिका. जुनी भातं गोळा करायची, प्रत्येक वाणाचं मूठभर बी कापडी पिशवीत भरायचं, वर गावाचं आणि पिकवणाऱ्याचं नाव लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांना दुभाष्या हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं, कारण शाळेत इंग्रजी शिकवणारा मीच. माझं इंग्रजी त्या दोघांना फारसं कळत नव्हतं, हा भाग वेगळा.

दोघांना आमची नावं काही झेपत नव्हती. चार दिवसांत त्यांनी ती कापून आपल्या मापाची केली. मुरबाडचं झालं 'मर्ब', सिद्धगडचं 'सिड', डोळखांबचं 'डॉल'. सकाळी जीपमध्ये बसताना विलेम आनंदानं म्हणायचा, आज सिड, उद्या डॉल. पिशव्यांवरही काळ्या शाईनं तीन-चार इंग्रजी अक्षरं. मला हे फार लागलं. सिद्धगडावर मी कॉलेजात असताना एकदाच गेलो होतो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो होतो, पण अपमान मात्र पूर्ण झाला. स्टाफरूममध्ये मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "आपल्या गावांची नावं म्हणजे काय बिस्किटं आहेत, मोडून खायला?" सगळे हसले, एकानं चहा मागवला. कुणी हसलं की मला आपलं बरोबर आहे असं वाटतं. माझा तो जुना रोग आहे.

आमचीच माणसं शहापूरला 'शापूर' म्हणतात, ते मला चालायचं. ती आपली. शिवाय पाड्यापाड्यातल्या बायांनी हेंड्रिकाला पहिल्याच दिवशी 'इंदूबाय' करून टाकलं होतं आणि विलेमला 'इल्लमभाऊ'. "इंदूबाय, बस गो, पानी घे," असं म्हणून तिला गोधडीवर बसवत. ती खूश. तिच्या वहीत तिनं स्वतःचं नवं नाव लिहून घेतलं होतं. यात कुणाचा अपमान झाला, असं माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि आमच्या घरात माझ्या बायकोच्या माहेराला नावच नव्हतं. माझी आई 'वर' म्हणायची. सून वर गेलीय. वरून पोहे आलेत. वरच्यांना कळवा. डोळखांबच्याही पुढं, डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरांचा पाडा. त्याचं नाव जांभूळमाळ. हे नाव मी लग्नपत्रिकेतही घातलं नव्हतं. तिथं 'मु. डोळखांब' छापलं होतं, कारण ते लोकांनी ऐकलेलं असतं.

तर इल्लमभाऊंना जांभूळमाळला जायचं होतं. माझ्या सासूबाईंकडे लाल टरफलाचं एक गरवं भात होतं, त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. हे त्या परदेशी जोडप्याला माधवीनंच सांगितलं होतं, आमच्या घरी जेवायला आले तेव्हा, माझ्याकरवी. आम्ही सगळे जीपनं निघालो, पुढं पायी. मी त्या घरी चार वर्षांनी जात होतो. वाट दाखवायला मी पुढं होतो आणि वाट दोनदा चुकलो.

सासूबाई खळ्यावर होत्या. विलेम त्या चढानं लालबुंद झाला होता, धापा टाकत त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "डॉल, व्हेरी गुड." मी सासूबाईंना म्हणालो, "बघा, डोळखांबचं काय केलंय यानं. यांना आपल्या नावांची किंमत नाही."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नाव अर्धा घेतोय ना, घेऊ दे. पाय पुरे उचलून आलाय तो हितवर." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी पन आले, बरा झाला."

मला ते समजायला हवं होतं. नाही समजलं. बी मोजून झालं, विलेमनं पिशवीवर 'डॉल' लिहायला सुरुवात केली आणि मी भाषण केलं. खळ्यावर पाड्यातली दहा-बारा माणसं, झोडणारे गडी हातातली पेंढी तशीच धरून उभे, आणि मी इंग्रजीत बोलतोय. नाव म्हणजे काय. त्यात पिढ्या कशा असतात. बाहेरून आलेल्या माणसानं ते तोडणं म्हणजे घराच्या मालकाला न विचारता घराची भिंत पाडणं. वाक्यं चांगली होती. काही मी आदल्या रात्री तयार केली होती. लोकांना शब्द कळत नव्हता, पण मास्तर साहेबाला झापतोय एवढं कळत होतं, आणि किसनचा चेहरा अभिमानानं फुलला होता.

विलेमनं ऐकून घेतलं. कान लाल झाले होते त्याचे. म्हणाला, पूर्ण नाव चुकीचं उच्चारलं की तुमचे लोक हसतात, म्हणून मी मला नीट म्हणता येईल तेवढाच तुकडा घेतो. तरी तुमचं खरं आहे, मला माफ करा. त्यानं पिशवीवरचं 'डॉल' खोडलं. मी अक्षरं सांगत गेलो, त्यानं 'डोळखांब' पूर्ण लिहिलं आणि तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा जवळजवळ जमलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा माझी बायको हळूच म्हणाली, "हा डोळखांब नाय पन. हा जांभूळमाळ."

"अगं, पिशवीवर जागा कुठाय?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो. भाषण संपून दोन मिनिटं झाली नव्हती.

पुढं हेंड्रिकानं विचारलं, पिकवणारीचं नाव काय. सासूबाईंनी सांगितलं, तिनं लिहिलं. मग माधवीकडे वळून, तिच्या हातांवर हात ठेवून म्हणाली, बी तुझ्यामुळं मिळालं, तुझंही नाव लिहिते. बायकोला एवढं इंग्रजी हातांवरून कळलं. ती तिच्या आईच्या खळ्यावर उभी होती, पायात चप्पल नव्हती, केसांत पेंढ्याची काडी अडकलेली. ती सहज म्हणाली, "चांगुणा."

हेंड्रिका गोंधळली. आमच्या घरी तिची ओळख माधवी म्हणून झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी दुभाष्या होतो. मला एवढंच सांगायचं होतं की हे तिचं जन्माचं नाव आहे आणि दुसरं मी दिलेलं आहे. पण आत्ताच मी घराच्या भिंतीबद्दल बोललो होतो. मी म्हणालो, ते काही नाही, लहानपणी लाडानं हाक मारायचे ते, नाव छोटं करून. खरं पूर्ण नाव माधवी.

हेंड्रिकानं लगेच दोन्ही हात वर केले. नाही, नाही, आता छोटी नावं नाहीत. तिनं पिशवीवर स्वच्छ अक्षरांत 'माधवी' लिहिलं. आणि त्या दिवसभर, माझ्या भाषणाचा मान राखून, ती भल्या बाईसारखी प्रत्येक वाक्याला माझ्या बायकोला पूर्ण, जपून हाक मारत राहिली. माधवी, पाणी. माधवी, थँक यू. माधवी, बस.

सासूबाई पेंढा गोळा करताना थांबल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "कोनाला हाक मारतेय गो ती?"

"मलाच, आय," माझी बायको म्हणाली आणि खाली वाकून काड्या वेचू लागली.

उतरताना तिनं मला विचारलं, "तुमी तिला काय सांगितलंत?" मी म्हणालो, "काही नाही, गं." ती सातवी शिकलेली. 'छोटं' आणि 'पूर्ण' हे दोन शब्द माझ्या वर्गातल्या ढ मुलांनाही इंग्रजीत कळतात.

ती पिशवी हॉलंडला गेली. तिथं कुठल्याशा थंड खोलीत ती असेल. माझ्या सासूबाईंच्या सासूच्या सासूचं भात, गाव डोळखांब. त्या परदेशी माणसांनी पिशवीवर जे जे चुकीचं लिहिलं, ते सगळं मी सांगितलेलं होतं. 'डॉल' तरी निदान त्यांची स्वतःची चूक होती.

आता नाव मी का बदललं तेही सांगून टाकतो. घरात कुणी त्या नावाचं नव्हतं, पत्रिकेत काही अडलं नव्हतं. नवीन नोकरी होती, बी.एड. होतो, आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटताना बायकोचं नाव चांगुणा आहे हे कसं सांगायचं, ही माझी काळजी होती. लग्नाच्या संध्याकाळी ताटात तांदूळ पसरले. तांदूळ तिच्याच माहेरचे, रुखवताबरोबर आलेले. मी अंगठीनं त्यात लिहिलं, माधवी. अक्षर चांगलं येण्याकडे माझं फार लक्ष होतं. वेलांटी मनासारखी आली नाही म्हणून तांदूळ हलवून पुन्हा लिहिलं. बाया ओणव्या होऊन बघत होत्या. नवरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि आपलं नाव काय आलंय ते ताटावरून एकेक अक्षर लावून वाचलं. मा. ध. वी. मग मान हलवली. कुणी तिला आवडलं का विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं ताट उचललं आणि तांदूळ डब्यात ओतले. चार दिवस आम्ही त्यांचा भात खाल्ला असेल.

परदेशी माणसं आपल्या गावांची नावं तोडतात, त्यात अनादर असतो का, हा प्रश्न लोक मला अजूनही विचारतात. शाळेत एकदा वक्तृत्व स्पर्धेला हाच विषय माझं नाव घेऊन सुचवला गेला होता. मी परीक्षक होतो. मुलं तावातावानं बोलत होती आणि मी खाली मान घालून गुण देत होतो. मला एवढं कळलंय की विलेमनं जे तोडलं ते त्याला पेलत नव्हतं म्हणून. मी जे बदललं ते मला नीट म्हणता येत होतं. मला फक्त ते चारचौघांत म्हणायची लाज वाटत होती.

किसन येऊन गेल्यावर रविवारी आम्ही तिघं जांभूळमाळला गेलो. वाट नाही चुकलो, कारण स्वाती पुढं होती. आकाशात ढग नव्हता, खळं नव्यानं सारवलेलं. सासूबाई सुपानं भात पाखडत होत्या. आता फार वाकल्यात त्या. कोंडा उडून त्यांच्या भुवयांवर बसला होता. किसन लांबच पेंढ्या रचत राहिला, जवळ आला नाही.

मी समोर उकिडवा बसलो. म्हटलं, "आई, परवा फोनवर माझं चुकलं."

सूप थांबलं नाही. "काय चुकलं? तुमी खराच बोलले. तुमच्या घरात नसंल चांगुणा. हितं येते तवा असते ती."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. उत्तरं मला सुचतात.

"परत करा फोन," मी म्हणालो. "मी उचलला तरी..."

"नको आता." त्यांनी पाखडलेलं भात टोपलीत ओतलं. "मी नाव इचारायचा आन् तिकडून कोनी नाय बोलायचा. माझ्या जिवाला घोर. किसन जातो कदी खाली, त्याच्या संगं निरोप देईन."

माझी बायको डोक्यावर भारा घेऊन मागंच उभी होती. तिनं ते ऐकलं. भारा टाकला, आईजवळ बसली आणि दुसरं सूप ओढून घेतलं. दोघी पाखडू लागल्या. मग आईनं म्हटलं, "चांगुणा, वारा फिरला बघ," आणि दोघी एकदम दुसऱ्या अंगाला वळून बसल्या. स्वाती माझ्याकडे बघत होती. मी पेंढ्याकडे बघत होतो.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. नव्या भाताच्या पोह्यांची पिशवी बायकोच्या मांडीवर होती, गाडीभर त्याचा वास. घरी आल्यावर तिनं पोहे डब्यात भरायला घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मनात वाक्य तयार केलं होतं, खळ्यावरच्या भाषणासारखंच. पण तेवढं धाडस झालं नाही. नुसतं म्हणालो, "चांगुणा..."

आवाज विचित्र आला. विलेमचं तिसऱ्यांदाचं डोळखांब याहून बरं होतं.

तिनं डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाली,

"तुमी नका मारू त्या नावानं हाक. तुमच्या तोंडात ते बसत नाय. आय माजी परत कदी फोन करंल, तवा 'हाय' म्हना. एवढंच."